एजंट नाही, तर एजंटचं काम कोण करणार?

लोकलमध्ये लटकत ऐकणारे, भांडी घासता घासता ऐकणारे आणि 'ऐकायला वेळ नाही, वाचूनच काढतो' म्हणत या पानावर आलेले, सगळ्यांचं स्वागत.

आजचा एपिसोड एका मेसेजमुळे झाला. परभणीच्या एका मुलानं लिहिलं होतं, "ताई, माझी कादंबरी पूर्ण झाली. ऐंशी हजार शब्द आहेत. मराठीत चांगला लिटररी एजंट कोण आहे? नंबर मिळेल का?"

मी पटकन टाईप केलं, "नाहीये रे कोणी, थेट प्रकाशकाकडे जा." पाठवणार तेवढ्यात थांबले. कारण २०१७ मध्ये मलाही कुणीतरी एवढंच सांगितलं होतं. मी थेट गेले आणि थेट आपटले. तेव्हा त्या मुलाला जरा सविस्तर उत्तर देते. तुमच्यापैकी ज्यांच्या लॅपटॉपमध्ये 'फायनल_फायनल_३' नावाची फाईल पडून आहे, त्यांनीही ऐका.

आधी हे बघू, एजंट करतो काय?

इंग्रजी पुस्तकांच्या जगात, म्हणजे लंडन-न्यूयॉर्कमध्ये, बरेच मोठे प्रकाशक नवीन लेखकाचं हस्तलिखित थेट स्वीकारतच नाहीत. मध्ये एजंट लागतो. एजंट तुमचं लेखन वाचतो, आवडलं तर दुरुस्त्या सुचवतो, कुठल्या संपादकाला ते भावेल हे ओळखतो, तिथे पोचवतो, पैशाची घासाघीस करतो, करार तपासतो आणि पुढे वर्षानुवर्षं हिशेब मागतो. त्याबदल्यात लेखकाला मिळणाऱ्या पैशातून साधारण १५ टक्के घेतो. परदेशी हक्क किंवा भाषांतराचे हक्क विकले तर बहुतेक वेळा २० टक्के.

यातली मुख्य गोष्ट लक्षात घ्या. लेखकाला पैसे मिळाले तरच एजंटला मिळतात. 'वाचण्याची फी', 'नोंदणीची फी' असं काही मागणारा माणूस एजंट नाही, गिऱ्हाईक शोधणारा आहे.

आपल्याकडचं उदाहरण देते. अरुंधती रॉय यांच्या 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज'चं हस्तलिखित पंकज मिश्रा यांनी वाचलं. ते तेव्हा भारतातल्या एका प्रकाशनात संपादक होते. त्यांनी ते पुढे इंग्लंडला पाठवलं. डेव्हिड गॉडविन नावाच्या एजंटनं ते वाचलं आणि लेखिकेला भेटायला तो विमानानं थेट भारतात आला. १९९७ मध्ये कादंबरी आली आणि त्याच वर्षी तिला बुकर मिळालं. पुस्तक तर रॉय यांचंच. पण ते कुणाच्या हातात द्यायचं, कोणत्या देशात, कोणत्या अटींवर, हे बघणारा एक माणूस त्यांच्या बाजूनं उभा होता.

मग मराठीत असं कुणी का नाही?

साधा हिशेब मांडू. समजा तुमच्या कादंबरीची किंमत ३०० रुपये. रॉयल्टी १० टक्के. म्हणजे एका प्रतीमागे ३० रुपये. पहिली आवृत्ती ५०० प्रतींची धरली आणि ती सगळी खपली, तर तुम्हाला मिळाले १५ हजार. त्यातले १५ टक्के एजंटचे, म्हणजे २,२५०. आता मला सांगा, सव्वादोन हजारांसाठी सहा महिने तुमची फाईल घेऊन कोण फिरेल?

म्हणून मराठीत हा धंदा उभाच राहिला नाही. त्याची जागा दुसऱ्या लोकांनी भरली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून दिवाळी अंक हे नवीन लेखकाचं पहिलं दार झालं. नियतकालिकांचे संपादक नवी माणसं हेरायचे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी 'सत्यकथा' आणि 'मौज'मधून लेखकांच्या हस्तलिखितांवर किती मेहनत घेतली, ते जुनी माणसं अजून सांगतात. म्हणजे लेखन शोधणं आणि घडवणं ही एजंटची अर्धी कामं आपल्याकडे संपादकांनी केली.

पण उरलेली अर्धी? घासाघीस, करार, हिशेब? ती संपादक कशी करणार? तो तर टेबलाच्या पलीकडे बसलाय. ही अर्धी बाजू मराठीत रिकामीच राहिली. मी पडले ती त्याच खड्ड्यात.

माझी गोष्ट

२०१७ चा जून. पहिली कादंबरी हातात होती. दोन प्रकाशकांकडून काहीच उत्तर नव्हतं, एकाकडून नम्र नकार होता. मग एका ठिकाणाहून फोन आला. "मॅडम, लेखन उत्तम आहे. फक्त नवीन लेखक म्हणून थोडं सहकार्य करावं लागेल." सहकार्य म्हणजे ६५ हजार रुपये. त्यात छपाई, मुखपृष्ठ, आयएसबीएनची फी आणि प्रकाशन समारंभ.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, नुकतेच रिटायर झालेले. त्यांनी एक एफडी मोडली. म्हणाले, "पोरीचं पुस्तक येतंय, व्याज काय, मिळेल परत." मी दीड पानाच्या करारावर सही केली. वाचला का? वाचला ना. त्यात एक ओळ होती, 'पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील.' मला वाटलं, असंच असतं. उलट जरा भारी वाटलं की कुणीतरी आपल्याकडून हक्क वगैरे घेतंय!

समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. महिन्याभरानं सुतळीनं बांधलेले २०० प्रतींचे गठ्ठे घरी आले. "उरलेल्या प्रती आम्ही दुकानांत लावतो" असं सांगितलं होतं. मी कराड, सातारा, पुणे इथल्या दुकानांत जाऊन विचारत राहिले. कुठेच नव्हतं. ते गठ्ठे बाबांच्या कॉटखाली गेले.

खरी गोष्ट पुढेच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये मला एका ऑडिओबुकवाल्यांचा मेल आला. त्यांच्यातल्या कुणीतरी पुस्तक वाचलं होतं. कुठून मिळालं देव जाणे. ऑडिओचे हक्क हवे होते, पैसे देणार होते. मी आनंदानं प्रकाशकाला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "हक्क आमच्याकडे आहेत, आम्ही बघतो." दोन महिने काहीच नाही. ऑडिओवाल्यांनी पुन्हा विचारलं. मी लिहिलं, "सॉरी, हक्क माझ्याकडे नाहीत." विषय संपला.

पुढच्या वर्षी माझ्या वकील मैत्रिणीनं सहज तो करार वाचला आणि कपाळावर हात मारला. म्हणाली, "अगं, हे हक्क तेव्हा तुझ्याकडेच होते!"

झालं असं. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या कलम १९ नुसार हक्क कुणाला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात, सहीनिशी. कोणत्या पुस्तकाचे, कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी, आणि रॉयल्टी किती, हे त्यात लिहायला हवं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि तिसरी गोष्ट: ज्यानं हक्क घेतले त्यानं एका वर्षात ते वापरलेच नाहीत, तर न वापरलेले हक्क लेखकाकडे परत येतात. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर.

माझ्या करारात काळाबद्दल एक शब्द नव्हता, वर्षाबद्दलही नव्हता. म्हणजे ऑडिओचे हक्क मैत्रिणीच्या मते २०१८ च्या जूनमध्येच माझ्याकडे परत आले होते. आणि मी २०२१ मध्ये 'माझ्याकडे नाहीत' असं स्वतःच्या हातानं लिहून पाठवलं. प्रकाशकानं मला फसवलं असं मी वर्षभर सांगत फिरले. ते थोडं खरंही आहे. पण तो मेल मला कुणी लिहायला लावला नव्हता.

मी वकील नाही. तुमच्या करारातला एखादा शब्द वेगळा असेल तर उत्तरही वेगळं येईल. म्हणून कागद वकिलाला दाखवाच. पण कलम १९ हे दोन शब्द मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. त्या दिवशी माझ्या बाजूनं कुणी उभं असतं तर त्यानं एवढंच सांगितलं असतं.

तर आता एजंटचं काम आपण करू. काम पहिलं: दार निवडणं

कादंबरी पन्नास जणांना फॉरवर्ड करू नका. आधी पुस्तकांच्या दुकानात किंवा वाचनालयात जा. तुमच्या कादंबरीच्या जवळची वाटतील अशी, गेल्या पाच-सात वर्षांतली दहा पुस्तकं काढा. कुणी छापली ते बघा. कागद, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ बघा. दुकानदाराला विचारा, "यांचा माल नियमित येतो का?" दुकानदार खरं सांगतो, त्याला लपवायचं कारण नसतं. वितरण आहे की नाही ते इथेच कळतं. मी हे पुस्तक आल्यानंतर केलं, तुम्ही आधी करा.

आणि दिवाळी अंक विसरू नका. कादंबरीच्या जगातलीच एखादी कथा वेगळी लिहून अंकाला पाठवा. छापून आली की प्रकाशकाला लिहिताना तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं.

काम दुसरं: पत्र

मेल एका पानाचा. सुरुवातीला दोन ओळींत कादंबरी कशाबद्दल आहे. मग शब्दसंख्या. मग यांच्याकडेच का पाठवताय, त्यांचं एखादं पुस्तक खरंच वाचलं असेल तर त्याचं नाव. मग स्वतःबद्दल तीन ओळी. सोबत २०० ते ३०० शब्दांत पूर्ण कथानक, शेवटासकट. 'पुढे काय होतं ते वाचूनच कळेल' हे वाचकासाठी ठीक, संपादकासाठी नाही. त्याला शेवट जमलाय का तेच बघायचं असतं. आणि पहिली तीन प्रकरणं. त्या प्रकाशनाच्या वेबसाईटवर वेगळं काही मागितलं असेल तर तसंच द्या.

एक तांत्रिक गोष्ट: युनिकोडमध्ये टाईप करा आणि वर्ड फाईलबरोबर पीडीएफही जोडा. जुन्या फॉन्टमधली फाईल समोरच्या कॉम्प्युटरवर उघडली की तुमच्या नायिकेच्या तोंडी नुसती चौकोनं आणि टिंबं येतात. आणि व्हॉट्सॲपवर प्रकरणाप्रकरणानं पाठवू नका, हात जोडते.

एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी पाठवलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. तीन महिने थांबा, मग एकदा नम्र आठवण. पुढचं लिहायला मात्र आजच घ्या, वाट बघत बसू नका.

'कुणी माझी कथा चोरली तर?' हा प्रश्न हमखास येतो. कॉपीराइट तुम्ही लिहिता तेव्हाच तुमचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तारखेसकट मेल आणि ड्राफ्ट जपून ठेवा. नुसत्या कल्पनेवर कुणाचाच हक्क नसतो, लिहिलेल्या मजकुरावर असतो.

काम तिसरं: करार

होकार आला की डोळे पाणावतात. तेव्हाच सही करायची नाही. "चार दिवसांत वाचून कळवते" एवढंच म्हणायचं. चांगला प्रकाशक यावर रागावत नाही. मग या गोष्टी तपासा.

एक, कोणते हक्क? मराठी छापील पुस्तकाचे द्या. ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, नाटक, सिनेमा, वेब सीरिज, प्रत्येकाचं नाव वेगळं लिहून घ्या. 'सर्व हक्क' हा शब्द दिसला की पेन्सिलनं गोल करा आणि विचारा, "सर्व म्हणजे कोणकोणते?"

दोन, किती काळ? एक आवृत्ती किंवा ठरावीक वर्षं. 'कायमस्वरूपी' नको.

तीन, रॉयल्टी कशावर? छापील किमतीवर की प्रकाशकाच्या हातात आलेल्या रकमेवर? ३०० रुपयांच्या पुस्तकावर १० टक्के म्हणजे ३० रुपये. पण दुकानाला ४० टक्के सूट देऊन हातात आलेल्या १८० रुपयांवर १० टक्के म्हणजे १८ रुपये. टक्का तोच, पैसे चाळीस टक्क्यांनी कमी.

चार, हिशेब कधी? 'दरवर्षी ३१ मार्चपर्यंतच्या विक्रीचा हिशेब जूनअखेर' अशी तारीख लिहून घ्या. किती छापल्या, किती विकल्या, किती शिल्लक, हे आकडे त्यात हवेत.

पाच, पुस्तक संपलं तर? सहा महिने किंवा वर्षभर पुस्तक बाजारात मिळत नसेल आणि नवी आवृत्ती निघत नसेल तर हक्क परत, अशी ओळ घाला.

सहा, कॉपीराइट कुणाच्या नावे? सुरुवातीच्या पानावर तुमचं नाव हवं.

नवीन लेखकाला सगळ्या अटी मिळतील का? नाही मिळणार. मलाही दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी सहापैकी चारच मिळाल्या. पण विचारल्यामुळे मिळाल्या. आणि जे सोडलं ते माहीत असून सोडलं.

आता पैसे देऊन पुस्तक काढण्याबद्दल. ते पाप नाही. घरच्यांसाठी, गावासाठी, हौसेसाठी काढायचं असेल तर जरूर काढा. पण ती छपाईची सेवा आहे, हे डोक्यात पक्कं ठेवा. पैसे तुम्ही घातलेत तर हक्क तुमच्याकडेच राहिले पाहिजेत आणि प्रतीसुद्धा तुमच्या. आणि आयएसबीएनची फी कुणी मागितली तर विचारा, कसली फी? भारतात आयएसबीएन राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी देते आणि ती त्याचे पैसे घेत नाही.

मग एजंट कधीच लागत नाही का?

लागतो. पुस्तक मराठीच्या बाहेर जायला निघालं की लागतो. दिल्लीची रायटर्स साइड, जयपूरची सियाही, अ सुटेबल एजन्सी अशा एजन्सी भारतात आहेत. त्यांचं काम मुख्यतः इंग्रजीत चालतं. त्यांच्याकडे मराठी पीडीएफ पाठवून फारसा उपयोग नाही. चांगल्या भाषांतरकारानं केलेली वीस-पंचवीस पानं, पूर्ण कादंबरीचा इंग्रजी सारांश आणि भाषांतराचे हक्क तुमच्याकडे असल्याचा पुरावा, हे लागतं. हक्क दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये अडकले असतील तर एजंट तरी काय विकणार?

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' बघा. २००६ मध्ये मौजेनं ती मराठीत छापली. जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला. २०२२ मध्ये कुंडलकरांनीच दिग्दर्शित केलेला सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. म्हणजे छापल्यानंतर सात वर्षांनी अनुवाद, सोळा वर्षांनी सिनेमा. त्यांचा करार मी पाहिलेला नाही, मी तारखांबद्दल बोलतेय. सही करताना आपण पुढच्या सहा महिन्यांचा विचार करतो, पुस्तक मात्र सोळा वर्षांनीही काहीतरी करू शकतं.

आणि भाषांतराला आता दुय्यम समजत नाहीत. इंटरनॅशनल बुकरचे ५० हजार पौंड लेखक आणि भाषांतरकार यांच्यात निम्मे निम्मे वाटले जातात. २०२२ मध्ये ते हिंदीतल्या गीतांजली श्री यांच्या पुस्तकाला मिळालं, २०२५ मध्ये कन्नडमधल्या बानू मुश्ताक यांच्या. मराठीला अजून मिळायचंय.

शेवटी परभणीच्या मित्रासाठी

बाळा, नंबर नाहीये. पण एक काम कर. प्रकाशकाकडे जाण्याआधी एक माणूस शोध, जो तुझी कादंबरी नाही, तुझा करार वाचेल. वकील मैत्रीण, बँकेतला काका, एखादा मोठा लेखक, कुणीही. ज्याला तुझ्या आनंदाचं काही देणंघेणं नाही आणि जो थंड डोक्यानं विचारेल, "हे 'सर्व' म्हणजे काय?"

कॉटखालच्या गठ्ठ्यांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. पाच वर्षं झाल्यावर मी प्रकाशकाला पत्र लिहून कळवलं की मुदत संपली, हक्क माझ्याकडे आहेत. उत्तर आलं नाही, पण पोचपावती माझ्याकडे आहे. बाबा त्या प्रती अजून वाटतात. एसटी स्टँडवर जुने ड्रायव्हर-कंडक्टर भेटले की पिशवीतून एक काढून देतात. पैसे घेत नाहीत. मी म्हटलं, "बाबा, निदान शंभर रुपये तरी घ्या." तर म्हणाले, "तुझी रॉयल्टी बुडते का त्यात?" मी म्हटलं, "नाही, ती कधी आलीच नाही."

तुमच्या हातात एखादा करार असेल आणि एखादी ओळ कळत नसेल, तर नावं खोडून तेवढीच ओळ कॉमेंटमध्ये टाका. माझी वकील मैत्रीण पुढच्या एपिसोडला येणार आहे, तिला तुमच्याच ओळी वाचायला देते. तोपर्यंत लिहीत राहा, आणि सही सावकाश करा. भेटू!